हेलेन्काची पिसं

“एवढी मोठी राणी! राजवाडा, दासी, सोन्याचे दिवे. आणि रडायची वेळ आली तेव्हा तिला माझ्या तोंडचं वाक्य लागलं?” पेत्रोनेलाने डाव भांड्यात इतक्या जोरात टाकला की बिअरचं गरम सार टेबलावर उडालं.

“हळू बोल. ताई ऐकेल,” हिएरोनिम म्हणाला.

“ऐकू दे. काल अर्ध्या गावाने ऐकलं, मग वन्संनीच काय पाप केलंय?”

“मी ऐकतेच आहे,” शेगडीमागच्या बाकावरून बार्बाराचा आवाज आला. “तुमचं चालू द्या. सार मात्र निवतंय आणि देवळाची घंटा काही तुमच्या राणीसाठी थांबायची नाही.”

बार्बारा हिएरोनिमची थोरली विधवा बहीण. नवरा गेल्यावर एक पेटी आणि एक मांजर घेऊन ती या घरी आली. मांजर मेलं, पेटी माळ्यावर गेली आणि बार्बारा शेगडीमागच्या बाकावर कायमची बसली. तिथून घरातलं सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं.

हिएरोनिमने बाहीने टेबल पुसलं. सार कागदांपर्यंत पोचलं नव्हतं. कागदांचा तो गठ्ठा गेले काही दिवस जेवणाच्या टेबलावरच राहायला आला होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी गावचे पाद्रीबुवा घसरगाडीने क्राकूवला निघणार होते आणि तो गठ्ठा तिथल्या छापखान्यात पोचवणार होते. हिएरोनिमने आयुष्यभर लॅटिनमधल्या कविता पोलिशमध्ये आणल्या. त्या हाताने उतरवून घेतल्या जायच्या, या वाड्यावरून त्या वाड्यावर जायच्या आणि कुठेतरी हरवायच्या. छापलं काहीच गेलं नव्हतं. आता केस पांढरे झाल्यावर पहिल्यांदा योग आला होता. फार जुन्या काळच्या, कुठल्या तरी ऊन देशातल्या एका राणीची लांबलचक कविता. तिची मुलगी मरते, एवढीच गोष्ट.

भांडणाचं मूळ मात्र कालच्या संध्याकाळात होतं.

काल पेत्रोनेलाकडे पिसं सोलायला बायका जमल्या होत्या. थंडीत या गावात हे चालायचंच. आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. मोठ्या खोलीत टेबलावर हंसाच्या पिसांचा ढीग, भोवती बायका, काडीवरून मऊ भाग ओढून काढायचा आणि काडी खाली टाकायची. दार उघडायचं नाही, शिंकायचं नाही, हसू आलं तर रुमालाआड हसायचं. नाहीतर सगळी मेहनत छताला जाऊन चिकटते. दुसऱ्या घरी अशा वेळी भुताच्या गोष्टी चालत. पेत्रोनेलाकडे हिएरोनिम शेगडीजवळ बसून वाचायचा. पिसांच्या बैठकीत गावात तेवढा एकच पुरुष चालवून घेतला जायचा. “तो कुठला पुरुष, तो कवी आहे,” असं बायका म्हणायच्या.

त्याची वाचायची तऱ्हा लग्नापासूनची. पेत्रोनेला सतराव्या वर्षी या घरात आली ती प्रार्थनेच्या पुस्तकापुरती अक्षरं घेऊन. लॅटिन तिला देवळातल्यापेक्षा जास्त कधी कळलं नाही, कळावंसं वाटलंही नाही. संध्याकाळी ती सूत कातायची आणि तो दिवसभरात पोलिशमध्ये केलेल्या ओळी वाचून दाखवायचा. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या लक्षात आलं, की ओळ नुसती बरी असेल तर चाती फिरत राहते. ओळ खरी लागली तर तिचे हात थांबतात. ती तोंडाने काही बोलायची नाही. तिला ते ठाऊकही नव्हतं. तो मात्र कागदाच्या कडेला कोळशाने बारीक रेघ ओढायचा. रेघ पडलेली ओळ पुन्हा बदलायची नाही, हा त्याचा नियम. लॅटिन शिकलेले मित्र काही म्हणोत. पुढे तिला हे कळलं तेव्हा ती आठवडाभर त्याला खूश करायला मुद्दाम हात थांबवत होती, स्वयंपाकघराचं छप्पर दुरुस्त व्हावं म्हणून. छप्पर झालं. त्या आठवड्यातल्या रेघा त्याने नंतर पुसून काढल्या.

कालही तो वाचत होता. राणीची मुलगी गेली, चिता विझली, दासी निघून गेल्या. राणी एकटी बसली आणि म्हणाली, “उद्या सकाळी हे हात काय करणार?”

पेत्रोनेलाचे हात थांबले.

हिएरोनिमने ते पाहिलं. तीसेक वर्षांच्या सवयीने त्याने खिशातला कोळसा काढला, समाधानाने रेघ ओढली आणि पुढे वाचू लागला.

पेत्रोनेलाची मुलगी हेलेन्का नऊ वर्षांची होती. केस जाड, लोकरीसारखे, विंचरताना मानेला झटके द्यायची. रोज सकाळी शेगडीपुढच्या बाकावर मायलेकींचं युद्ध चालायचं आणि दोन वेण्या घातल्या की तह व्हायचा. गवतकापणीच्या दिवसांत तिला ताप आला. तिला पुरून आल्यावर पेत्रोनेला त्याच बाकावर बसली आणि ते वाक्य बोलली. कोणाला उद्देशून नाही. खोलीत फक्त हिएरोनिम होता, बूट काढत वाकलेला. त्याने वर पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, ऐकलंही नसेल.

त्याला आता काही वर्षं झाली होती.

“मी लिहिलं तेव्हा मला आठवलं नाही,” हिएरोनिम म्हणाला. “शपथेवर सांगतो.”

“आणि मग कधी आठवलं?”

त्याने कागदांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाला, “स्वच्छ प्रत करताना.”

“मग?”

“मग खोडायला हात झाला नाही.”

“त्याला चोरी म्हणतात, अरे,” बार्बारा म्हणाली. “कोंबडी उचलली तर माणसाला खोड्यात घालतात.”

“ताई, तू मध्ये बोलू नकोस!” त्याने गठ्ठ्यातला एक खराब कागद ओढून काढला. तो खाडाखोडीने काळा झाला होता. “हे बघ. सगळा पानगळीचा काळ या एका ओळीत गेला. लॅटिनमध्ये ती आपल्या हातांबद्दल बोलते, चार शब्दांत. मी लिहिलं, माझे हात रिते झाले. बघ, किती मेलेलं वाटतं. लिहिलं, हातांचा उद्योग सरला. जशी काही ती सुतारच! मग एक दिवस हे आलं. तिला जे म्हणायचं होतं, नेमकं तेच. तू लॅटिन न वाचता तिचं वाक्य बोलली होतीस, पेत्रोनेला.”

“मी तिचं नाही बोलले. मी माझं बोलले.” तिचा आवाज खाली आला, आणि हे हिएरोनिमला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. “तुम्ही त्या बाईला घरात आणलंत, मी काही म्हटलं नाही. तिच्या अंगणातलं ते कुठलं झाड काढून आपला लिंडन लावलात. ती द्राक्षाची दारू प्यायची, तिला आपलं मधाचं मद्य पाजलंत. माझा लोकरी रुमालसुद्धा दिलात तिच्या डोक्याला, तेव्हा मी हसले.”

“परक्या बाईला इथल्या थंडीत आणायचं, तर अंगावर काही घालायला नको?”

“घाला. माझ्या पेटीतलं हवं ते घाला. पण हे पेटीतलं नव्हतं.”

स्वयंपाकीण मागदा दारात येऊन म्हणाली, गाडी जोडलीय, घोडी गारठतात. तिघं उठली. गाडीत पेत्रोनेला आणि हिएरोनिम यांच्या मध्ये बार्बारा बसली. एरवी ती कडेला बसायची.

देवळातून बाहेर पडताना ओसरीत कोर्दुलाने पेत्रोनेलाची बाही धरली. कोर्दुला नावाला सरदारघराण्यातली, पण तिचा नवरा स्वतः नांगर धरायचा आणि तलवार फक्त देवळात येताना लटकवायचा. काल तीही पिसं सोलायला होती. तिचा लहानगा थंडी पडायच्या सुमारास गेला होता.

“तुमच्या यजमानांना एक सांगाल का? ती राणी बोलते ना, हातांचं. तेवढी ओळ मला कागदावर द्यायला सांगा. मला वाचता येत नाही, पण कागद ठेवीन.”

“कशाला गं?” पेत्रोनेलाने विचारलं. तिचा स्वर तिलाच कोरडा वाटला.

“मला वाटत होतं, माझं डोकं फिरलंय.” कोर्दुलाने इकडेतिकडे पाहिलं. “मी सकाळी उठते आणि त्याचा सदरा शेगडीवर ऊब द्यायला टाकते. रोज. टाकल्यावर आठवतं. नवऱ्याने पाहिलं तर काय म्हणेल म्हणून परत घडी करून ठेवते. आणि काल ती म्हणाली. राणी म्हणाली. ती खरी होती का हो?”

“माहीत नाही. फार जुनी आहे.”

“येशूच्याही आधीची?”

“आधीची असेल.”

“बघा,” कोर्दुला म्हणाली. “तेव्हाही तसंच होतं.” तिने नाक पुसलं आणि एकदम हसली. “आणि तिच्याकडे तर दासी होत्या. सदऱ्याला ऊब द्यायलासुद्धा दासी असतील. तरी तिला ते चुकलं नाही.”

‘ती राणी नव्हे, ती मी,’ हे पेत्रोनेलाच्या अगदी जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? कोर्दुलाने तिला मिठी मारली असती. दोघी ओसरीत रडल्या असत्या, बायका जमल्या असत्या, आणि शेजारणीचं दुःख शेजारणीला कळलं, एवढंच झालं असतं. ते गावात रोज होतं. पण ही बाई एकटी आपल्या शेगडीपुढे उभी होती आणि कुठल्या तरी दूरच्या, मेलेल्या, परक्या भाषेतून कोणीतरी तिला येऊन सांगितलं होतं, की डोकं फिरलेलं नाही. ते राणीच सांगू शकत होती. पेत्रोनेलाला ते साधलं नसतं.

“सांगते त्यांना,” ती म्हणाली.

गाडीत ती आपल्या हातांकडे बघत राहिली. कातडी हातमोजे, बोटांवर ठिगळं. राणीकडे असे हातमोजे खचित नसतील. तरी त्याने ते घातले असते तिच्या हातात, त्याचा काय नेम!

“वन्सं,” मध्येच तिने विचारलं, “तुमची तीन मुलं गेली. तुम्ही काय म्हणाला होतात?”

बार्बाराने घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली. “मी काही म्हटलं नाही. मी भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.” आणि मग, “काल त्याने वाचलं तेव्हा मी शेगडीमागे होते म्हणून बरं.”

दुपारी जेवायला बसताना टेबल रिकामं होतं. गठ्ठा खिडकीत नीट बांधून ठेवला होता. मागदाने राय धान्याच्या पिठाचं आंबट सूप आणि बकव्हीटची घट्ट पेज आणली. हिएरोनिम चमच्याकडे हात न नेता म्हणाला,

“मी ओळ काढली.”

“काढली म्हणजे?”

“चाकूने खरवडली. आत्ता, तू कपडे बदलत होतीस तेव्हा. कागद जरा पातळ झालाय तिथे.” त्याने घसा खाकरला. “छापखान्यात कळवीन, तिथे जागा सोडा म्हणून. वाटेत पाद्रीबुवांना काही सुचलं तर ते घालतील.”

“त्यांना?” बार्बारा म्हणाली. “ते राणीला उपास करायला लावतील.”

मागदा हसली आणि तिने लगेच तोंड मिटलं. पेत्रोनेलाने खिडकीतल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. या माणसाने आयुष्यात कधी रेघ पडलेली ओळ खोडली नव्हती. मोठमोठ्या विद्वानांनी सांगूनही नाही. सकाळी तिला वाटत होतं, ओळ निघाली की आपलं आपल्याला परत मिळेल. आता निघाली होती, आणि परत आलं काहीच नव्हतं. कागद तेवढा पातळ झाला होता.

माळ्यावर, बार्बाराच्या पेटीशेजारी, हेलेन्काचं पोतं होतं. मुलगी जन्मली की तिच्या लग्नाच्या गादीसाठी आई पिसं साठवायला लागते. पेत्रोनेलाने नऊ वर्षं साठवली, दर हिवाळ्याची निवडक, पांढरी. नंतर त्या पोत्याला तिने कोणाला हात लावू दिला नाही. “उंदीर गादी करून झोपतील त्यात, आधी आपण करू या,” असं बार्बारा दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी त्यावरून दोन दिवस अबोला व्हायचा.

पेत्रोनेलाने सगळ्यांना सूप वाढलं. शेवटी स्वतःला घेतलं. मग पळी खाली ठेवली.

“ती ओळ परत लिहा,” ती म्हणाली. “जशी होती तशी. कागद फाटला तर नवा घ्या, पण संध्याकाळच्या आत. आणि एक कोर्दुलाला वेगळी लिहून द्या. राणीची म्हणूनच द्या. माझं नाव कोणी काढायचं नाही. वन्सं, तुम्हीसुद्धा.”

“मी कशाला काढू?”

“आणि यापुढे माझे हात थांबले, तर कोळसा काढायच्या आधी मला विचारायचं.”

हिएरोनिमने मान हलवली. मग त्याने पाव तोडला.

“मागदा, जेवण झालं की माळ्यावरून हेलेन्काचं पोतं खाली आण. कोर्दुलाला निरोप पाठव, आणखी कोणाला नको. गादी करू या. कोणाची, ते झाल्यावर बघू.” तिने सुपाचा पहिला घोट घेतला. “उद्या सकाळी बसायचं. गाईंचं दूध काढून झालं की.”