मागच्या सीटचं माप

रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी दिसली की तो थांबायचा आणि तळहाताने तिचं मागचं सीट दाबून बघायचा. पुढचं नाही, मागचं. दुकानात आपण गादी दाबून बघतो तसं. गाडीचा मालक जवळच चहा पीत असला तर डोळे वटारायचा. हा शांतपणे म्हणायचा, "स्वल्प बघतोय," म्हणजे इथल्या कानडीत जरासं, आणि पुढे जायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखादी वस्तू घ्यायची म्हणून वर्षानुवर्षं चौकशी करतात आणि घेत मात्र नाहीत. मी त्याला त्यांच्यातलाच समजत होते.

जे. पी. नगरात आमच्या इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर तो आईबरोबर राहायचा. पन्नाशी ओलांडलेली, सरकारी कारखान्यात नोकरी, लग्न नाही. का नाही ते मी एकदा सरळ विचारलं. "राहिलं, अक्का," म्हणाला. दूध आणायचं राहिलं म्हणावं तसं.

त्याची जुनी स्कूटर भंगारात गेली आणि मोटारसायकलचा शोध सुरू झाला. "एकच घेणार, पण तिन्ही पाहिजे," असं तो म्हणायचा. रोज कारखान्यात न्यायला परवडली पाहिजे. मागे आई नीट बसली पाहिजे. आणि मातीच्या रस्त्यावर चालली पाहिजे, कारण होसकोटेच्या पलीकडे त्याने एक साइट घेऊन ठेवली होती. इथे प्लॉटला साइट म्हणतात. तिथला शेवटचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि चाकोऱ्या. तिथे दोन खोल्या बांधायच्या आणि आईला घेऊन राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

आई मोटारीत बसली की ओकायची. रिक्षातही तेच. फक्त दुचाकीवर तोंडाला वारा लागला की बरी असायची. पण आईला जिना उतरवत नव्हता, निदान ती तसं सांगायची. मग शोरूममध्ये सीटवर बसून बघणार कोण? एक दिवस तो माझ्या दारात आला. "अक्का, स्वल्प बसून बघता?"

उंचीला, वजनाला आणि डाव्या गुडघ्याला मी आणि त्याची आई अगदी सारख्या. शिंप्याकडे मापाचं पोलकं नेतात तसा तो मला न्यायला लागला.

जयनगरच्या शोरूममध्ये एक मुलगी होती. तिने पहिली गाडी दाखवली. "सर, ही डोंगरावरसुद्धा जाते." मागचं सीट माझ्या कमरेच्या वर.

"ही डोंगरावर जाईल," मी म्हणाले, "पण हिच्यावर कोण जाईल?"

दुसरी बुटकी होती, बसायला छान. तिची परीक्षा आमच्याच गल्लीत झाली. मातीचा रस्ता शोधायला होसकोटेला कशाला जायला हवं, पाइप टाकायला गल्ली खणून ठेवली होती ती तशीच होती. गाडीचं पोट मातीच्या ढिगाला घासलं आणि ती बाद झाली. तिसरीला साडीगार्ड नव्हता.

"आंटी, या गाडीवर साडी नेसून कोणी बसत नाही," ती मुलगी म्हणाली.

"मी बसलेय की आत्ता."

तो हसला. त्याला हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

मला या फेऱ्या आवडायच्या. माझा मुलगा आणि सून घरूनच काम करतात. दारं लावून कोणाशी तरी बोलत असतात, त्या वेळात मिक्सर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही. बाहेर नेतात ते मोटारीतून, काचा बंद करून, आणि निम्मा वेळ सिग्नलला उभं राहण्यात जातो. कोंबडी खुराड्यासकट फिरवून आणावी तसं.

शेवटी एक गाडी मापाची निघाली. सीट बेताचं, डाव्या बाजूला पाय ठेवायला पट्टी, साडीगार्ड, आणि खणलेल्या गल्लीतून कुठेही न घासता गेली. मी वर जाऊन त्याच्या आईला सांगितलं, "मावशी, चांगली आहे. घेऊ द्या." गाडी आली. मागच्या सीटवरचं प्लास्टिक त्याने काढलं नाही. "आई बसली की काढू."

आई बसली नाही. "जिना उतरवत नाही रे," म्हणायची. तो म्हणायचा, "सरी, आई," म्हणजे बरं. गाडी खाली उभी राहिली. कारखान्यात जाऊन यायची, तेवढंच. रविवारी आईला एकटं टाकून मातीच्या रस्त्याला कसा जाणार?

आता खरं सांगते. त्याची आई रोज दुपारी जिना उतरायची. तो कामावर गेलेला असायचा, भाजीची गाडी यायची, आणि ही पिशवी घेऊन खाली. माझ्या दाराच्या खाली एक पायरी मोडलेली आहे. तिच्यावरून पाय उचलून टाकायची, बघायचीही नाही. साऱ्या इमारतीला ठाऊक होतं.

मी विचारलं, "मावशी, उतरता की."

"भाजीला उतरते. त्याच्या फटफटीला नाही उतरायची." तिने कोथिंबिरीची जुडी उलटी करून मुळं पाहिली. "एकदा मागे बसले की नेऊन ठेवील मला त्या माळावर. तिथे भाजीवाला येतो का? बोलू कोणाशी, दगडांशी?"

तिचंही चूक नव्हतं. दोन खोल्यांत दोघं, आणि एकमेकांच्या पायात पाय.

एका रविवारी मी त्याला म्हटलं, "साइट दाखव मला. तुझी आई तेवढा वेळ राहील." प्लास्टिकवरून घसरत घसरत होसकोटे गाठलं. पुढे दगडांचा रस्ता लागला. गाडी चालली, माझी कंबरही टिकली. साइट म्हणजे नंबर घातलेला एक दगड, तारेचं कुंपण आणि लांबवर निलगिरीची झाडं. त्याने बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढली.

"इथे ओटा. खिडकी रस्त्याकडे. आईला येणारा-जाणारा दिसेल."

"येणारा-जाणारा आहे कुठे?"

"येईल, अक्का."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गॅस पेटत नाही म्हणून आईचा. "लायटर ओट्यावरच आहे, आई. नाही? सरी. निघतोच." आम्ही पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नव्हती.

परत येताना मला राहवलं नाही. मागूनच म्हणाले, "तुझी आई जिना उतरते. रोज."

त्याने मान वळवली नाही. "माहीत आहे, अक्का. नाहीतर घरात कोथिंबीर कुठून येते?"

"मग बोलत का नाहीस?"

शेजारून लॉरी गेली. तिला त्याने पुढे जाऊ दिलं. "मला कळलंय हे तिला कळलं, तर ती भाजीलाही उतरणार नाही. मग खरंच उतरता येणार नाही तिला. तेवढे पाय हलताहेत, हलू देत."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे घरात कोणालाही विचारा. ते मात्र राहिलं.

थंडीत आईचे पाय सुजले. डॉक्टरांनी इस्पितळात ठेवा म्हणून सांगितलं. माझ्या मुलाने मोटार काढतो म्हटलं. "मोटारीत मी ओकते," म्हातारी म्हणाली, आणि लेकाकडे वळून, "तुझी फटफटी काढ." तो धावत खाली गेला. प्लास्टिक टराटरा फाटल्याचा आवाज मी घरातून ऐकला. मग तो तिला न्यायला वर आला.

मी दारात उभी होते. त्याचा हात तिच्या कोपराखाली. वर्षानुवर्षं न उतरलेल्या बाईने कण्हावं तशी ती प्रत्येक पायरीला कण्हत होती. "सावकाश, आई. सवय नाही तुला," तो म्हणत होता. माझं दार ओलांडून दोघं खाली गेली. मोडकी पायरी आली. त्याने तोंड उघडायच्या आत तिचा सुजलेला पाय वर उचलला गेला आणि बरोबर पलीकडच्या पायरीवर पडला.

तो त्या पायाकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे.

"पायरी मोडलीय वाटतं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले."

खाली ती एका दमात एका बाजूला पाय सोडून बसली. पाय पट्टीवर नेमके टेकले. माप माझंच होतं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी खणलेल्या गल्लीतून हळूहळू बाहेर पडली.

इस्पितळातून ती परत आली नाही. पुढे त्याने घर सोडलं आणि साइटवर पत्र्याची शेड टाकून राहायला गेला. जाताना दारात आला. "खोल्या झाल्या की न्यायला येतो, अक्का." मी म्हटलं, "ये, मी रिकामीच आहे." अजून आलेला नाही. खिडकी आता कुठल्या बाजूला काढणार, ते विचारायचं राहिलं.

मालकाने ती पायरी अजून नीट केलेली नाही. दुपारी भाजीवाला हाक मारतो. मी पिशवी घेते, पायरीवरून पाय उचलून टाकते, खाली जाते आणि परत वर येते.