सुगरणीचं घर कोण बांधतं

जसोदाबाई लग्न होऊन तापीकाठच्या एका गावात आली ते साल एकोणीसशे बावन्न. हुरड्याच्या दिवसांत सासूने तिला ज्वारी राखायला माळ्यावर बसवलं. हातात गोफण दिली, पदरात दगड दिले. संध्याकाळी पाहते तर दगड तसेच आणि निम्मी कणसं रिकामी.

"पाखरे उडावाले धाडेल व्हती तुले, देखाले नही!" सासू कडाडली.

सून दगड कोपऱ्यात ठेवून गोठ्यात शेण काढायला गेली. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाचे पोपट दिसले. कणीस पायात धरून खाणारा एक, उलटा लोंबकळणारा एक, मान वाकडी करून राखणदारणीकडे बघणारा एक. सासू रागाने पुसायला गेली, वाकड्या मानेच्या पोपटापाशी तिचा हात थांबला, आणि ती हसत परत आली.

जसोदाबाईला अक्षर येत नव्हतं. पण म्हशीच्या पाठीवर बसलेला कोतवाल पक्षी, बांधावर भांडणारे सातभाई, मोटेच्या थारोळ्यात पंख भिजवणारी साळुंकी, जे डोळ्यांना दिसे ते ती काढी. किराण्याच्या पुडीचा कागद मांडीवर सपाट करी आणि चुलीतला कोळसा दगडावर घासून टोकदार करी. नवरा गिरधर कापूस घालायला शहाद्याला गेला की तांबडी-निळी पेन्सिल आणून गुपचूप उतरंडीवर ठेवी. या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत.

एकसष्टच्या पावसाळ्यात मात्र बोलावं लागलं.

त्यांच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती आणि तिच्या फांद्यांना सुगरणींची पंचवीस-तीस घरटी लोंबत. कापसाची निंदणी चालली होती. दुपारी बाया भाकर सोडायला विहिरीपाशी जमत. एका दुपारी शेजारची रंजनाबाई वर विणकाम चाललेल्या घरट्याकडे बघून म्हणाली, "देख, कशी इणस बाई! शिकाडेल ना पढाडेल!"

जसोदाबाईने घास गिळला. "ती बाई नही शे. घर बांधस तो दादला शे."

बाया अशा हसल्या की बाभळीवरची पाखरं उडाली. संध्याकाळपर्यंत गोष्ट पारावर पोचली. तिथे शांतीलाल, गिरधरचा चुलतभाऊ, जिभेचा तिखट. तो म्हणाला, "गिरधर, आते तू घर सारव. तुन्ही बायको सांगस, हाऊ दादलासना धंदा शे!"

गिरधर घरी आला तो तणतणत. "तुले काय कमी व्हतं? सारा गाव हसी ऱ्हायना."

जसोदाबाई उठली. ट्रंकेतून कागद काढून त्याच्यापुढे मांडले. गिरधर बघत राहिला. सगळी तीच बाभूळ. एका कागदावर पाखरू गवताची पात चोचीत धरून उडत होतं. दुसऱ्यावर त्याने फांदीला नुसता झुला बांधला होता. तिसऱ्यावर घरटं टोपीएवढं झालं होतं. प्रत्येक ठिकाणी विणणाऱ्याचं डोकं पिवळं होतं. रंग नव्हता, म्हणून तिने हळद लावली होती. चौथ्या कागदावर दुसरं पाखरू होतं, चिमणीसारखं साधं, हळद नसलेलं. ते झुल्यावर बसून चोचीने विणकाम ओढून बघत होतं.

"हाई बाई," ती म्हणाली. "देखाले येस. पसंत पडनं ते ऱ्हास, नही ते उडी जास."

"हे पिवयं दुसऱ्या जातनं पाखरू ऱ्हाई."

"चाला मंग. मन्हासंगे बसा."

गिरधर गेला. सकाळी औत जुंपायच्या आधी दोघं विहिरीच्या काठावर गोणपाट पांघरून बसत. पहिल्या दिवशी तो कंटाळला. दुसऱ्या दिवशी एका साध्या पाखराने एक अर्धं घर नाकारलं, तेव्हा पिवळ्याने पंख फडफडवून केवढा आकांत केला! गिरधर नकळत म्हणाला, "बिचारा." आठव्या दिवशी त्याने पाहिलं, पिवळा ओल्या चिखलाचा गोळा आणून आतल्या भिंतीला लिंपत होता. मग एक साधी आली, आत शिरली आणि राहिली. पिवळ्याने खालची नळी विणून घर पुरं केलं. पुढे वाऱ्याने एक घरटं बांधावर पडलं. त्यातली अंडी सोडून उडाली ती साधीच.

त्या संध्याकाळी गिरधर कागद घेऊन पारावर गेला. "मी मन्हा डोयासघाई देखं," तो म्हणाला. "जसोदा खरी शे."

"आन् घर बांधीसन तो आत ऱ्हास ना?" शांतीलालने विचारलं.

गिरधर खाकरला. "नही. तो दुसरं घर बांधाले लागस. दुसरीसाठी."

पारावरचे सगळे हसून लोटपोट झाले. दुसऱ्या दिवशी निंदणीला रंजनाबाईने ते ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "मंग दादलाच शे, बाई. आते पटनं."

शाळेचे वाहरू गुरुजी डोंगरातल्या गावचे. त्यांनी ते चार कागद मागून नेऊन वर्गात लावले. जसोदाबाई बघायला म्हणून शाळेत गेली, आयुष्यात पहिल्यांदा. डोक्यावरचा पदर सावरत दारातच उभी राहिली. गुरुजी म्हणाले, "बाई, आत या. आज मुलांना तुम्ही सांगा." ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे लोक तिला पाखरांचं काहीबाही विचारू लागले. एका उन्हाळ्यात शांतीलालच आला. म्हणाला, "वहिनी, टिटवी पाय वर करीसन झोपस ना, आभाय पडू नही म्हनीसन? तेवढं चित्र काढी दे."

"मी आजून देखेल नही."

"सारा गावले माहीत शे!"

"माले नही."

तापीच्या वाळूत तेव्हा टरबुजांच्या वाड्या होत्या. जसोदाबाई तिथे राखणीला जाई. तिथूनच अकरा दिवस ती एका टिटवीवर नजर ठेवून बसली. मग कागद शांतीलालच्या हाती दिला. चित्रात नदीतल्या गोट्यांमध्ये चार अंडी होती, आणि टिटवी पाय पोटाखाली दुमडून त्यांवर बसली होती. पोटाची पिसं ओली काढली होती. उन्हाने अंडी तापू नयेत म्हणून ती नदीत पोट भिजवून येत होती.

शांतीलालने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "मंग आभाय कोन धरस?"

"ते माले माहीत नही," जसोदाबाई म्हणाली, आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली.