मुकुटाला हार, चुंबळीला काजळी

मयत: ठमाबाई, मूळ राहणार मौजे कुरवंडे, अखेरीस वलवण. मृत्यू गेल्या माघात, तापाने, परक्याच्या पडवीत. हजर: पडवीची मालकीण साळूमावशी, आणि सदरहू लेख लिहिणारा, लोणावळ्यास कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. गैरहजर: दोन्ही सख्खे मुलगे व समस्त नाट्यमंडळ. ही हकीकत आधी नोंदवितो, कारण पुढे शोकसभेत याच गैरहजर मंडळींच्या डोळ्यांस जे पाणी आले, त्याची मला आजही शिसारी वाटते.

बाईंचे यजमान गावच्या नाट्यमंडळाच्या शोकनाटकात राजाचे काम करीत. म्हातारा राजा हयातीतच राज्य मुलांना वाटून देतो आणि वादळात उघड्यावर पडतो, असे ते जुने, नावाजलेले नाटक. यजमान घरी पाठांतर करीत, बाई भात कांडता कांडता ऐकत. अशा रीतीने सगळा राजा त्यांना मुखोद्गत झाला. यजमान वारले. बाईंनी भाताची खाचरे मुलांच्या नावे केली, आणि मुलांनी त्यांना दाराबाहेर काढले... त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पोटगीचा अर्ज असेल, असे मी समजलो. त्या म्हणाल्या, “अर्ज नगं, भाऊ. त्या नाटकातला राजा खोडा, राणी लिवा. म्हातारा उघड्यावर पडला तर समदं गाव रडतंय. म्हातारी पडली तर कोन रडतंय?” त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.

मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब गरजले, “बाई रंगभूमीवर? देवाची जत्रा आहे, विटाळ होईल!” परंतु ऐन जत्रेत यजमानांच्या जागी आलेल्या नव्या राजाचा घसा बसला, आणि देवापुढचे नाटक चुकविणे हा अधिक मोठा दोष ठरला, म्हणून बाईंना उभे केले. विटाळ कुठे गेला, ते तात्यासाहेबांनी अद्याप कळविलेले नाही.

वादळाच्या प्रवेशात राजा मुकुट भिरकावीत असे. ठमाबाईंनी तो हळूच जमिनीवर ठेवला, कमरेला खोचलेली चिंध्यांची चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली, आणि हंडा सावरावा तसा हात वर धरून उभ्या राहिल्या. हंडा नव्हताच... दोरीपलीकडे आंदर मावळातून आलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, “आता हिनं पानी कुनाच्या घरी न्यायचं गं?” आणि सगळ्या रडू लागल्या. त्यानंतर दरवर्षी लोक येत ते त्या चुंबळीसाठी.

शोकसभेत चौरंगावर हार घालून ठेविला होता तो मुकुट! मुलांनी शाल-नारळ स्वीकारले. थोरला म्हणाला, “आमची आय लय गुणी व्हती.” साळूमावशी उठल्या. “आय व्हय? मंग तिची ताटली गोठ्यात का व्हती रं?” उत्तरादाखल चहा आला. तात्यासाहेबांनी जाहीर केले की बाई गेल्या, तेव्हा यंदापासून पूर्ववत राजाच. त्याच वेळी कोपऱ्यात मंडळाचे चिटणीस कंदिलाच्या काचेची काजळी पुसत होते. हातात ठमाबाईंची चुंबळ होती. मी ती हिसकावून घेतली.

सबब मंडळास जाहीर विनंती की, राणी खोडू नये. जत्रेत मुकुटाऐवजी चुंबळीस मान द्यावा. आणि यास लेखी उत्तर द्यावे. माझ्या मेजाचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे दौत नेहमी डुगडुगत असे. हे लिहिताना ती हलली नाही. तिच्याखाली ठमाबाईंची चुंबळ आहे. ती नेण्यास मंडळाने यावे. येताना लेखी उत्तरात राणी घेऊन यावे.