मोहगावच्या संत्र्यांची पिशवी

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे मोहगावहून आमच्या पांढुर्ण्याच्या घरी संत्र्यांची एक पिशवी येते. मोठी, एकसारखी फळं, देठाला पान ठेवून तोडलेली. मी एका माणसाला अडचणीत मदत केली म्हणून ती येते, असं माझी बायको सगळ्या गल्लीला सांगायची. मी गप्प बसायचो. गप्प बसणं मला लहानपणापासून जमतं.

मी सौसरला कामगारांच्या विमा कार्यालयात बाबू आहे. ज्याचं काम सुटलं त्याला काही दिवस बेकारीचा भत्ता मिळतो, त्याचे फॉर्म माझ्या टेबलावर येतात. फॉर्मवर कारखान्याची सही आणि शिक्का लागायचा. एरवी वर्षाला दोन-चार फॉर्म यायचे. लॉकडाऊनच्या वर्षी व्हरांडा भरून गेला.

त्यात हा मोहगावचा माणूस होता, सुताच्या कारखान्यातला. पहिल्यांदा आला तेव्हा शिक्का नव्हता म्हणून परत पाठवला. दुसऱ्यांदा त्यानं ठेकेदाराची साध्या कागदावरची चिठ्ठी आणली. ती चालत नव्हती. तिसऱ्यांदा तो तोंडावर गमछा बांधून काचेपलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, गेटले कुलूप हाये. तिथं एक बकरी बसून राह्यते. शिक्का कोनाचा आनू, बकरीचा?"

रांगेतले लोक हसले. मी म्हणालो, नियम आहे.

आता खरं सांगतो. ती बकरी मी त्याच सकाळी पाहिली होती. पांढुर्ण्याहून सौसरला माझी मोटारसायकल त्या गेटावरूनच जायची. काळी बकरी, एक कान फाटलेला, चौकीदाराच्या उलट्या पडलेल्या खुर्चीशेजारी बसलेली. कारखाना बंद आहे, मालकाचा पत्ता नाही, हे मला रोज दिसत होतं. "मी स्वतः पाहून आलो, गेट बंद आहे" एवढ्या दोन ओळी लिहून साहेबांपुढे ठेवल्या असत्या, तर फॉर्म वर गेला असता. पूर्वी एकदा तशा ओळी लिहिल्या होत्या, तर वरून माझाच खुलासा मागितला होता. तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काही मी कागदावर लिहीत नसे.

तो गेला, आणि परत आला नाही.

मग नियम सैल झाले. कारखान्याच्या शिक्क्याची गरज उरली नाही. कामगारानं स्वतःच अर्ज करायचा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स जोडायची. पगाराचा चौथा हिस्सा मिळत होता, तो अर्धा झाला. काम सुटल्यावर अर्जासाठी थांबायचे दिवसही कमी झाले. तो आदेश मी दोनदा वाचला. पुढचे काही महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे गेले. लोक घाबरत कागद सरकवायचे, मी म्हणायचो, "झालं, जा." एवढा सोपा शब्द इतकी वर्षं माझ्या तोंडात नव्हता.

पण ही सवलत वर्ष संपेपर्यंतच होती आणि मोहगावचा फॉर्म काही येईना. शेवटी एका रविवारी मीच कोरा फॉर्म घेऊन गेलो. तो आणि त्याची बायको दुसऱ्याच्या बगीच्यात ढिगापाशी बसून संत्री निवडत होते. मोठी एकीकडे, बाजारात भाव न मिळणारी बारीक चुरी दुसरीकडे. उलट्या क्रेटवर फॉर्म ठेवून भरला. तो म्हणाला, "आमच्यासाठी सुट्टीच्या दिवशी आले तुमी." तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यानं सोललेली फोड माझ्या तोंडात होती.

पैसे मिळाले. त्या दिवाळीनंतर पिशवी सुरू झाली. मी ती ऑफिसात वाटून टाकायचो. बायकोला वाटायचं, मला साखरेचा आजार झाला.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी तो आणि त्याची बायको स्वतः पिशवी घेऊन आले. माझी बायको बहिणीकडे गेली होती. मीच चहा केला, आणि कप हातात देताना सगळं सांगून टाकलं, बकरीच्या कानासकट; त्यांची फळं ऑफिसात वाटून टाकतो, तेही.

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे तुमाले माहीत होतं."

"हो."

त्याची बायको म्हणाली, "माही शिलाई मशीन त्याच महिन्यात इकली होती आमी, भाऊ."

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं हिशोब न मांडता नुसतं सांगितलं. मी माफी मागितली. चहा संपवून दोघं गेले. पिशवी तिथंच राहिली, आणि पहिल्यांदा मी तिच्यातलं एक फळ सोलून खाल्लं.

पुढच्या वर्षी पिशवी येणार नाही, हे मी धरून चाललो होतो. दिवाळी झाली. आठ दिवसांनी मोहगावच्या एका ओळखीच्या माणसानं पिशवी आणून दिली. बायकोनं ती उघडून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. आत सगळी चुरी होती. लिंबाएवढी.

"तुमी काय करून ठेवलं बाप्पा त्यायच्याशी?" ती म्हणाली.

मग तिलाही सांगितलं. ती ताट घेऊन चुरी सोलायला समोर बसली. मी मोहगावला फोन लावला, पिशवी पोचली म्हणालो.

"चुरी हाये," तो म्हणाला.

"पाहिली."

"गोड हाये पन. अन् यंदा वाटू नका कोनाले, तुमीच खा."

आम्ही दोघांनी चार दिवसांत सगळी संपवली. एकही ऑफिसात नेली नाही.