धानाच्या गोदामातला बँड

त्याला ऐकू कमी येतं हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी विचारणाऱ्यांना उलटंच सांगितलं.

मी तेव्हा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचो आणि घरी गिटार. गाणारी मुलगी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गायची. बास गिटार ती मोबाईलवर बघून शिकली होती. तो मात्र धुमालवाला. वरातीपुढच्या गाडीवर, स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून, दहा-बारा वर्षं त्यानं ड्रम बडवले होते. तिघांनाही दुसऱ्यांची गाणी वाजवून कंटाळा आला होता. रॉक बँड काढायचा, गाणी आपली, बोली आपली, एवढंच ठरलं. नावसुद्धा ठरलं नव्हतं.

सरावाला जागा मिळाली ती सिहोऱ्याबाहेर, माझ्या मावसभावाच्या राईस मिलच्या गोदामात. पावसाळा होता, गोदाम रिकामं होतं. मी "एक, दोन, तीन, चार" मोजलं आणि तो काठ्या धरून तसाच बसून राहिला. पुन्हा मोजलं. तेव्हा त्याची नजर ठेका धरलेल्या माझ्या पायावर गेली, आणि नेमक्या ठोक्यावर तो आत शिरला. इतका नेमका हात मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"ड्रम तुमच्याकडे फिरवतो, भाऊ," तो म्हणाला. "तुमी दिसले पायजे मले."

एकदा त्याचा फोन त्याच्या पाठीमागे स्टुलावर वाजत राहिला. पूर्ण वाजून थांबला, परत वाजला. तो बुटाची नाडी बांधत होता. त्या संध्याकाळी मुलीला तुमसरच्या बसवर सोडायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"ड्रमरचं तसंच असते."

"दवाखान्यात दाखवायला सांगा, दादा. तुमचं ऐकतील ते."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. डॉक्टर त्याला वाजवणं बंद कर म्हणणार हे मला दिसत होतं, आणि आमचं पहिलं गाणं नुकतंच उभं राहत होतं.

दिवाळीनंतर धान यायला लागलं. दर रविवारी कुलूप उघडलं की गोदाम आदल्या आठवड्यापेक्षा लहान झालेलं असायचं. पोत्यांच्या थप्प्या भिंतीपासून पुढे पुढे येत गेल्या. शेवटी आम्ही तिघं एका बोळात वाजवावं तसे वाजवत होतो. आवाज थप्प्यांत जिरून जायचा. तो म्हणायचा, "अजून वाढवा, भाऊ. मले काही समजूनच नाही राहिलं." मी वाढवायचो. छताची टिनं थरथरायची, वरून कोंडा गळायचा, मुलगी कानात कापूस घालून गायची. तो हसत असायचा.

मावसभाऊ एकदा येऊन बघून गेला. त्यानं ड्रममागच्या थप्पीवर हात ठेवला आणि मला बाजूला बोलावलं.

"त्याले इथून हलव. ओलं धान आहे खालच्या पोत्यात, दबून राहिलं. थप्पी कलली आहे, दिसत नाही का तुले?"

दिसत होती. पण सगळं हलवायचं म्हणजे वायरी काढा, पुन्हा जोडा, त्यात दुपार जाणार. पुढच्या रविवारी हलवू म्हटलं.

पुढच्या रविवारी तिसरं गाणं वाजवत असताना वरच्या रांगेतलं एक पोतं वीतभर पुढे आलं. मला वाटलं, भास झाला. मग ते पुन्हा सरकलं. मी त्याच्या नावानं ओरडलो. मुलगी गाणं सोडून ओरडली. त्याची नजर माझ्या पायावर होती, आणि माझा पाय ठेका धरून हलतच होता. तोंडानं ओरडत होतो, पाय थांबवायचं सुचलं नाही. तो वाजवत राहिला. मुलीनं बास टाकला, धावत जाऊन त्याची कॉलर धरून ओढलं. पहिलं पोतं झांजेवर पडलं, दुसरं त्याच्या डाव्या खांद्यावर. मग अख्खी रांग आली.

तो वाचला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर त्याला काही विचारत होते आणि तो प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होता. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"यांना ऐकू येत नाही. केव्हापासून आहे हे?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो खाटेवरून माझ्या ओठांकडे बघत होता. काय बोललो ते त्याला बरोबर समजलं. मुलीलाही समजलं, ती उठून बाहेर गेली, आणि नंतर तिनं माझा फोन कधी उचलला नाही.

पुढे कानाची तपासणी झाली. डावा कान जवळजवळ गेलेला, उजव्यात थोडं उरलेलं. वाजवत राहिलात तर तेही जाईल, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. कानाचं मशीनही दिलं.

उन्हाळ्यात तो एका सकाळी माझ्या घरी आला. हाड जुळलं होतं. कानात मशीन नव्हतं. मी माफी मागायचं ठरवून ठेवलं होतं, पण त्यानं हातानंच थांबवलं. चहा पिऊन झाला तेव्हा त्यानं विचारलं, "कवा सुरू करायचं, भाऊ?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तुमाले मालूम आहे काय म्हणाले ते. मी कायले आलो, तेही मालूम आहे."

मी नको म्हणू शकत होतो. माझ्या मनात आलं की याच्यासारखा दुसरा मिळणार नाही. मी त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हटलं, "रविवारी या."

गाणारा नवीन मिळाला आहे. सरावाला आता दुसरी जागा आहे, मोकळी. गाणी चार झाली आणि बँडला नावही पडलं. लोक म्हणतात ड्रमर जबरदस्त आहे. गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, आवाज अजून वाढवा, उजवीकडून कमी येऊन राहिला. मी उठलो आणि वाढवला.