पाणी मागणाऱ्या बाई

इंगळे बाई कुणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढता काढताच पाणी मागायच्या. आमच्याकडे आल्यागेल्याला पाणी न मागताच मिळतं, पण बाईंना तेवढाही धीर नसायचा. समोरची बाई तांब्या घेऊन निघालेली दिसत असली तरी म्हणायच्या, "पाणी पाज गं माय आधी." पाणी आलं की लगेच पीत नसत. ज्यानं आणलं त्याच्याकडे बघायच्या, पेल्याकडे बघायच्या आणि मग एका दमात संपवायच्या. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचा समज होता की बाईंना साखर आहे. मीही तसंच धरून चाललो होतो आणि शहाणपणा करून त्यांना एकदा कारल्याचा रस सुचवला होता. "तूच पी," एवढंच म्हणाल्या.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी अंबड तालुक्यातल्या खेड्यांत. आता आमच्या शेजारी, धान्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मूर्ती एवढीशी, पण आवाज असा की गल्लीत आडव्या लावलेल्या ऑटोला त्या वरूनच "रांगेत" म्हणायच्या आणि ऑटो खरंच सरळ व्हायचा. मुलगा पुण्याला इंजिनिअर. हा मुलगा शिकला होता गावातल्या सिस्टर लोकांच्या, म्हणजे कॅथलिक जोगिणींच्या इंग्रजी शाळेत. गल्लीत बाईंशी कुणाचं वाजलं की हे हमखास निघायचं: लोकांची पोरं झेडपीत शिकवली आणि स्वतःचं पोरगं मात्र सिस्टरकडे धाडलं. बाई यावर कधी उत्तर देत नसत. मला मात्र त्याचं कारण काढल्याशिवाय चैन पडत नव्हती. मी एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात आहे. एखादं बी का उगवलं नाही हे शोधायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे चौकशीची खोड अंगात मुरलेली.

तेवढ्यात आमच्या मनूला पहिलीत घालायची वेळ आली. मनू घरात इतकी बडबडायची की टीव्ही बंद ठेवावा लागायचा, आणि उंबऱ्याबाहेर पडली की तोंड शिवल्यासारखी गप्प. बालवाडीतल्या बाईंनी तिचा आवाज अख्ख्या वर्षात ऐकला नव्हता. डॉक्टरांनी तपासलं, कान-घसा सगळं ठीक आहे म्हणाले, पोरीला धाक दाखवू नका आणि शाळा तेवढी जपून निवडा. झालं, आमच्या घरात महाभारत सुरू झालं.

माझ्या बायकोला, सुनीताला, सिस्टरची शाळा हवी होती. तिथली शिस्त, तिथलं इंग्रजी, झालंच तर तिच्या मामेबहिणीची मुलं. शेजारच्या काकूंनी तिला भीती घातली की तिथं पोरीला येशूची प्रार्थना म्हणायला लावतील. सुनीता म्हणाली, लावू देत, निदान आवाज तरी फुटेल. मी सरकारी शाळेच्या बाजूचा. मी स्वतः झेडपीत शिकलो आणि माझं काही अडलं नाही. शिवाय जी पोरगी मराठीत बोलत नाही ती इंग्रजीत काय डोंबल बोलणार, हा माझा बिनतोड मुद्दा. सिस्टरच्या शाळेनं सोमवारपर्यंत कळवा म्हणून सांगितलं होतं. शेवटी बाई म्हणतील ते करायचं यावर आमचं एकमत झालं. मला वाटत होतं, झेडपीच्या बाई, कौल माझाच. सुनीताला वाटत होतं, त्यांचा मुलगा तिथं शिकलाय, कौल तिचाच.

बाई म्हणाल्या, "मी दोन्हीकडं येते. पोरीला संगं घ्या. अन् तिथं तुम्ही दोघांनी तोंड उघडायचं न्हाई."

आधी गेलो गल्लीमागच्या झेडपीच्या शाळेत. तिथले दीपक सर बाईंच्याच हाताखाली शिकलेले. बाईंनी पाय ठेवताच पाणी मागितलं. वर्गातली सगळ्यात लहान पोरगी उठली, दारातल्या माठात पेला बुडवला आणि बोट पाण्यात ठेवूनच घेऊन आली. तिनं एक पेला मनूपुढेही धरला. बाईंनी त्या पोरीकडे असं बघितलं, की जणू तिनं शिष्यवृत्ती मिळवली. दीपक सरांनाही उमाळा आला. त्यांनी पोरांना उभं केलं, स्वागताचं गाणं झालं, टाळ्या झाल्या. मग सगळी पोरं मनूभोवती गोळा झाली आणि "नाव सांग, नाव सांग" म्हणू लागली. कुणी तिला बोरं दिली, कुणी खोडरबर दिलं. इतकी मायाळू लेकरं मी पाहिली नाहीत. पण मनूनं सुनीताच्या पदरात तोंड खुपसलं ते घर येईपर्यंत काढलं नाही. होईल हळूहळू सवय, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सिस्टरची शाळा. फाटकातून आत मदर मेरीचा पुतळा, मोगऱ्याचे वाफे आणि इतकी शांतता की माझी चप्पल वाजायला लागली. बाईंनी पाणी मागितलं. एका सिस्टरनं घंटी वाजवली, मावशी आल्या आणि ट्रेमधून काचेचे ग्लास आले. ग्लास तीन, आम्हा मोठ्या माणसांना. मनूला कुणी विचारलं नाही. बाईंच्या कपाळावर आठी चढली ती मी पाहिली आणि मनातल्या मनात पेढे वाटले.

मग आम्हाला पहिलीच्या वर्गात नेलं, पोरं घरी गेलेली. तिथली सिस्टर वयस्कर, केरळची, तिचं मराठी आमच्या गल्लीतल्या रस्त्यासारखं, जागोजाग खड्डे. ती बुटक्या बाकावर बसून रंगीत खडूंचा डबा निवडत होती, धड खडू एकीकडे, मोडके एकीकडे. तिनं मनूला नाव विचारलं नाही. अर्धे खडू तिच्याकडे सरकवले आणि आपलं काम चालू ठेवलं. बाईंशी तिचं गुडघेदुखीवर बोलणं सुरू झालं. मनू उभी राहिली, मग बसली, मग खडू निवडू लागली. तेल कोणतं लावावं इथपर्यंत गुडघे पोचले तेव्हा बारीक आवाज आला, "हा पण तुटलाय." सिस्टर मान वर न करता म्हणाली, "हो? तिकडे टाक." थोड्या वेळानं पुन्हा, "हा नाही तुटला." सुनीतानं माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. घराबाहेर परक्या माणसाशी आमची पोरगी पहिल्यांदा बोलली होती.

येताना ऑटोत मी न राहवून विचारलंच, की बाई, तुम्ही मुलाला इथं का घातलं होतं.

"माझ्या लहानपणी गावच्या शाळेत आम्हाला माठाला हात लावू देत न्हवते," त्या म्हणाल्या. "बाप बौद्ध झाल्ता, पर त्या माठाला कुठं ठावं होतं. कुणी वरून वतलं तर वंजळीनं प्यायचं. वतणारं पोरगं आलं न्हाई की दिवसभर तसंच. पुढं मी पोराला घेऊन इथं आल्ते तवा एका सिस्टरनं एकाच माठातून दोन पेले भरले. एक मला दिला, एक तिनं घेतला. मी म्हणलं, ठेवून घ्या पोराला."

मग स्वतःला जी शाळा मिळाली तिथं त्यांनी पहिलं काम हे केलं: माठ दारात आणला आणि पाहुण्याला पाणी सगळ्यात लहान पोरानं द्यायचं, कुणाचं का असेना, असा नेम घातला. दीपक सर तोच नेम चालवत होते. मला कारल्याचा रस आठवला.

घरापाशी उतरताना बाई म्हणाल्या, "सिस्टरकडं घाला."

मला राहवलं नाही. तिथं मनूला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, असं मी म्हणालो.

"न्हाई विचारलं. माझी शाळा पास झाली अन् ही नापास." बाईंचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "पर प्रकाश, ते पाणी मी माझ्यासाठी मागून राह्यले होते इतकी वर्षं. तहान माझी होती. या लेकराला पाणी कुठंबी मिळतंय. हिची तहान येगळी हाय."

सगळा जन्म ज्या झेडपीच्या शाळांत घातला त्यांच्या विरुद्ध कौल देताना त्यांना काय वाटलं असेल, ते जिना चढणाऱ्या त्यांच्या पाठीकडे बघून कळत होतं. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी मात्र त्या दीपक सरांकडे जाऊन आल्या. गप्प लेकराभोवती टाळ्या वाजवू नका, असं त्यांना बजावून आल्या म्हणे.

मनू सिस्टरकडे जाऊ लागली. बोलणं काही एकदम सुटलं नाही. वर्गात त्या म्हाताऱ्या सिस्टरशी बोलायची, मग बाकावरच्या मैत्रिणीशी, बस. रोज चार वाजता बाई जिन्यात बसून तिला एकच विचारायच्या, "आज पाणी कुणी दिलं?" मनू बोटानं दाखवायची की बाटलीतलं प्याले. एके दिवशी म्हणाली, "मी दिलं. सिस्टरला." बाईंनी तिला खडीसाखर दिली आणि पुढचा अर्धा तास गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून ते सांगितलं.

यंदा बाईंचे गुडघे अगदीच गेले, जिना होईना. मुलगा गाडी घेऊन आला. सगळी गल्ली गोळा झाली, दुकानातले हमालसुद्धा पोती ठेवून उभे राहिले. बाई दारोदार निरोप घेत आमच्या दारात आल्या. घाईत होत्या, चप्पल काढली नाही, सुनीताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसल्या. गाडी सुरू झाली.

एवढ्या माणसांत मनू माझ्या मागे लपली असेल असं मी धरून चाललो होतो. ती आतून पेला घेऊन पळत आली, पाणी हिंदकळत, बोट पाण्यात.

"आजी, थांबा. पाणी मागायचं राहिलं तुमचं."

बाईंनी काच खाली केली. मनूकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. अर्धं पाणी प्याल्या आणि पेला परत तिच्या हातात दिला. "उरलेलं तुझं," म्हणाल्या. मनूनं तिथंच रस्त्यात उभं राहून ते पिऊन टाकलं. मग गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती सगळ्या गल्लीदेखत ओरडून सांगत होती, पुण्याला पोचल्या की चप्पल काढताना आधी पाणी मागा म्हणून.