छत्तीस किलोंचा बास

परळीच्या रेल्वे स्टेशनसमोर भर उन्हात मी माझ्या बास गिटारच्या अँपवर बसून पाऊण तास काढला. या माणसाला सोडायचं नाही, हे तिथं बसल्या बसल्याच ठरलं.

तो माणूस म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचा मास्तर. कीबोर्ड वाजवायचा, कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घ्यायचा, गाडी ठरवायचा. सहा वर्षं मी त्याच्याकडे बास वाजवत होते. दिवसा एका खासगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची आणि लग्नसराईत गिटार खांद्याला अडकवून निघायचं. थोरल्या भावानं मला बास शिकवला होता. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि गिटार व तिचा जुना, जड अँप, म्हणजे स्पीकरचं खोकं, माझ्याकडे राहिला. बाई बास वाजवते हे बघायला लोक गर्दी करत. मास्तर ते पोस्टरवर मोठ्या अक्षरात छापायचा.

त्या दिवशी युसूफ वडगावला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. जीप आली, सगळे चढले. मागं माझ्या अँपच्या जागेवर धुराचं मशीन आणि दिव्यांच्या पेट्या रचलेल्या. मास्तर खालीही उतरला नाही. खिडकीतूनच म्हणाला, "ताई, आजपासून बास मी डाव्या हातानं कीबोर्डवरच वाजवतो. तुमचं हे धूड न्यायचं म्हणजे दोन माणसांची जागा जाती. अन् खालचा सूर ऐकतंय कोण?"

जीप गेली. ढोलकीवाला, ड्रमवाला, दोन गायिका, सगळे समोर बघत बसले होते. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. मास्तरच्या बोलण्यापेक्षा मला तेच जास्त लागलं, पण पाच जणांवर सूड उगवायचा म्हणजे माणूस दमून जातो. मी एकालाच धरलं. अँप घेऊन जायला रिक्षावालेही तयार नव्हते, म्हणून तो पाऊण तास.

घरी आणताना अँप दोनदा आपटला. दुसऱ्या दिवशी लावून पाहिला तर नुसती घरघर. मोंढ्याजवळ एक चाचा आहेत, रेडिओपासून डीजेच्या बॉक्सपर्यंत सगळं दुरुस्त करणारे. त्यांनी स्पीकर उघडून पाहिला आणि मान हलवली. यात आता जीव नाही, नवा घे, म्हणाले. मी त्यांना झालेलं सगळं सांगितलं. ते एका वायरीला डाख लावता लावता ऐकत होते.

"सूर पाहिजे का सोय पाहिजे, ते आधी ठरव बेटी," ते म्हणाले. "हलका बॉक्स घरात लई गोड वाजतो. उघड्या मंडपात खालचा सूर टिकत न्हाई त्याचा. मग माणूस आवाज वाढवतो, अजून वाढवतो, अन् एक दिवस स्पीकर फाटतो."

सल्ला माझ्यासाठी होता, पण मला त्यात मास्तर दिसला. कारण जीपमध्ये जागा वाचवायला त्यानं कीबोर्डच्या बाससाठी एक छोटासा बॉक्स घेतल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

संभाजीनगरच्या दुकानात दोन अँप समोर ठेवले. दुकानदारानं हलका एका हातात उचलून दाखवला. मी वाजवून पाहिला. आवाज स्वच्छ होता, शहाण्या मुलीसारखा. माझं वय तेव्हा एकोणचाळीस होतं आणि कंबर आधीच कुरकुरायला लागली होती. बसमध्ये मांडीवर घेऊन जाता येईल असा अँप. खरं सांगायचं तर हाच माझ्याकडे आधी असता, तर मास्तरला मला मागं ठेवायला निमित्तच मिळालं नसतं. हा विचार आला आणि मी गिटारची वायर उपसली. हलका घ्यायचा म्हणजे तो बरोबर होता असं कबूल करायचं.

दुसरा छत्तीस किलोंचा. पंधरा इंची स्पीकर, मागं हे एवढं मॅग्नेट, जाड प्लायवूड. मी सगळ्यात खालची तार मोकळी सोडली. सूर आधी तळपायाला कळला, मग कानाला. काउंटरवर ठेवलेला चहाचा ग्लास बशीत वाजला.

"मॅडम, उचलणार कोण हा?" दुकानदारानं विचारलं.

"आहे एक जण," मी म्हणाले. कोण, ते मलाही माहीत नव्हतं.

केजला एक गायिका होती, स्वतःची ऑर्केस्ट्रा पार्टी चालवायची. सगळे तिला अक्का म्हणत. मास्तरचं आणि तिचं कधीच पटलं नव्हतं, म्हणून मी तिच्याकडेच गेले. एकच अट घातली, जिथं मी तिथं माझा अँप. अक्का म्हणाली, "माझ्या टेम्पोत म्हशी बी गेल्यात. तुझं खोकं काहून जाणार न्हाई?"

कारखाने बंद होऊन ऊसतोडीची माणसं परतली की शिरूर कासारकडे लग्नांची रांग लागते. तिथल्या एका मुकादमाच्या मुलीचं लग्न होतं. मुलीकडच्यांनी अक्काला बोलावलं होतं आणि मुलाकडच्यांनी मास्तरला. मंडपाच्या दोन टोकांना दोन स्टेज. दोन गाणी त्यांची, दोन आमची, असं ठरलं. मास्तरनं मला लांबून पाहिलं, मग माझा अँप पाहिला, आणि शेजारच्या ड्रमवाल्याला काहीतरी सांगून हसला.

मी पहिली दोन गाणी बेतानं वाजवली. पुढच्या फेरीत आवाज थोडा वाढवला. मंडपाचे बांबू घुमायला लागले, आणि नवरदेवाकडची पोरंसुद्धा नाचत नाचत आमच्या स्टेजकडं सरकली. मला ठाऊक होतं मास्तर काय करणार. त्यानं आपल्या छोट्या बॉक्सचा आवाज वाढवला. तिसऱ्या फेरीला मी आणखी थोडा वाढवला. फक्त थोडा. माझ्या अँपला त्याचं काहीच वाटत नव्हतं. अक्कानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही.

मास्तरच्या पुढच्याच गाण्यात, कडव्याच्या मध्यावर, त्याचा बॉक्स फाटला. बैल खोकावा तसा आवाज आला आणि मग बासच बंद. वऱ्हाडातले लोक ओरडायला लागले. नवरदेवाचा मामा स्टेजवर चढून मास्तरला बोलू लागला.

दहा मिनिटांनी मास्तर स्वतः माझ्यापुढं येऊन उभा राहिला. म्हणाला, तुमच्या अँपात माझी वायर लावू द्या, आजच्या दिवस.

"द्या की," मी म्हणाले. "पण तुमच्या स्टेजवर न्यायचा तर तुमीच उचला, मास्तर. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. अन् आमची पाळी आली की परत आणून द्यायचा."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. ड्रमवाला दोन पावलं पुढं आला होता, तो जागीच थांबला. मास्तरनं वाकून अँप उचलला. शे-दीडशे पावलांचा मंडप. जेवणाच्या पंगतीमधून तो चालला, चार वेळा खाली टेकवला, त्याचा पांढरा सफारी घामानं पाठीला चिकटला. पंगतीत वाढणारे बादल्या घेऊन थांबले. मी खुर्ची घेतली, समोर बसले आणि शेवटच्या पावलापर्यंत पाहिलं.

एका गोष्टीची मला कल्पना नव्हती. त्याचा डाव्या हाताचा बास माझ्या अँपातून फार सुंदर वाजला. भरीव, गोल. इतका की आमच्याकडे आलेली पोरं परत तिकडं गेली. मला वाटलं होतं त्याचा अपमान पुरेल. तो सूर ऐकल्यावर अपमान पुरेना. दुसरं गाणं संपलं न संपलं तोच मी तिथं जाऊन वायर काढली.

"आमची पाळी."

तो परत घेऊन आला. दोन गाण्यांनी पुन्हा घेऊन गेला. परत आणायला चौथ्यांदा वाकला तेव्हा कंबरेला हात लावून तसाच खाली बसला, आणि नवरदेवाच्या मामानं त्याला पाणी दिलं. अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "बास झालं आता, बाई." मी तिचं ऐकलं. पण मास्तरला उठवायला मी गेले नाही.

पंधरा दिवस तो अंथरुणाला होता असं नंतर ऐकलं. ड्रमवाल्यानं मला फोन करून सांगितलं. मला वाईट वाटेल असं त्याला वाटलं असावं. मी त्याला विचारलं, त्या दिवशी जीपमधून तू माझ्याकडं पाहिलं का नाहीस? त्यानं फोन ठेवला.

दिवाळीनंतर मास्तरचा फोन आला. अंबाजोगाईला मोठा कार्यक्रम आहे, बास तुम्हीच वाजवा, म्हणाला. आवाजात कुठं तोरा नव्हता. मी त्याला तारीख दोनदा सांगायला लावली, वही उघडल्यासारखं केलं आणि त्या दिवशी अक्काचा कार्यक्रम असल्याचं सांगितलं.

अक्काचा कुठलाच कार्यक्रम नव्हता. त्या तारखेला मी लॅबमधून लवकर घरी आले, कंबरेला शेक घेतला आणि संध्याकाळभर मेथी निवडत बसले.